दोन पंख्यांचं कार्ड

निलेशचा कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो नेमका पाणी यायचा दिवस. सोलापुरात पाणी यायचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. चार दिवसांनी नळाला धार लागलेली, आई पदर खोचून पिंपं, घागरी, कळश्या, अगदी पातेल्यांपर्यंत सगळं भरत सुटलेली, बादल्या उचलून उचलून माझी कंबर मोडलेली, आणि त्यात दारात रिक्षा येऊन थांबली. रिक्षातून उतरला निलेश, माझा आतेभाऊ, नातेपुत्याचा. त्याला आमच्याकडे राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता हे मला माहीत होतं. त्याच्या मागोमाग दोन मोठी खोकी उतरली, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, दुकानातून हात पुसत धावत आले आणि माझ्यावरच ओरडले, "अगं मने, ती बादली बाजूला घे की! भाच्याचं सामान भिजंल!" मी नखशिखांत ओली, नळ तसाच वाहतोय, आणि सगळं घर त्या खोक्यांभोवती गोळा. तिथंच माझं डोकं फिरलं. ते पुढं वर्षभर ताळ्यावर आलं नाही.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या. नानांचं मोटर वाइंडिंगचं काम. आजूबाजूला सगळे यंत्रमाग, सकाळपासून त्यांची खटखट सुरू. कारखान्याला सुट्टी असली की शांततेनं आमचे कान दुखायचे. त्या मागांच्या मोटारी उन्हाळ्यात धडाधड जळायच्या आणि नानांच्या दुकानात यायच्या. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी वेटोळी भरायची, वर वार्निश ओतायचं आणि मग पत्र्याच्या भट्टीत ठेवून ते वाळवायचं. भट्टी नानांनी स्वतःच बनवली होती, जुनं कपाट आणि आत हीटरच्या कॉइली. घरात सतत वार्निशचा वास. माझ्या दप्तराला, भाकरीच्या दुरडीला, माझ्या वेणीलासुद्धा. आणि नानांचं नाक! मोटर उघडायच्या आधी ते तिला नाक लावायचे आणि सांगायचे, "ही ओव्हरलोडनं गेली," किंवा "हिच्यात पाणी गेलंय." मीटर नंतर लावायचे, तेही गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. मला त्या दुकानात बसायची लहानपणापासून हौस. पण नाना बसू द्यायचे नाहीत. "पोरीच्या जातीनं हात काळं करू ने," एवढंच उत्तर. मी आपली उंबऱ्यावर बसून बघायची. बघून बघून तार सोलणं, पीळ देणं, टेप मारणं सगळं मला येत होतं, फक्त करायला मिळत नव्हतं.

त्याची भरपाई म्हणून असेल, पण एक गोष्ट माझी होती. एक नेट कॅफे बंद पडला तेव्हा नानांनी तिथला एक कॉम्प्युटर माझ्यासाठी उचलून आणला होता. तेव्हाच जुना होता बिचारा. चालू केला की घरघरायचा, तापायचा, मागांच्या कापसाचं तूस त्याच्या पंख्यात अडकायचं आणि दर महिन्याला मला ते रंगवायच्या ब्रशनं काढावं लागायचं. पण त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालायचा. संध्याकाळी दुकान आवरलं की नाना चहाची कपबशी घेऊन माझ्या खुर्चीच्या मागं उभे राहायचे. बसायचे नाहीत, उभेच. बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायचे आणि म्हणायचे, "दाब की! दाब! वळणावर ब्रेक कशाला मारतीस?" दिवसभरात नाना माझ्याशी बोलायचे ते तेवढंच. पण ती दहा-पंधरा मिनिटं माझी होती. कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण मी शर्यत जिंकायची ती त्या फुर्रच्या आवाजासाठी.

निलेशचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच मांडलं गेलं, दुसरी जागाच कुठं होती! त्याचा कॉम्प्युटर चालू केला की आतून निळे, जांभळे दिवे लागायचे, आणि आवाज म्हणाल तर शून्य. आत मोठं ग्राफिक्स कार्ड, त्याला दोन पंखे. आमच्याकडे भाच्याचा मान फार. भाच्याच्या पाया पडायचं, भाच्याला आधी वाढायचं, भाच्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आई त्याला गरम भाकरी वाढायची आणि मला सकाळची कडक. शेंगाचटणीवर दही त्याला, मला नुसतं तेल. आत्याचा फोन आला की ती वर आणखी तेल ओतायची, "मनीला मीच न्हेणार हाय बरं का सून करून!" मी पलीकडून ओरडायची, "तो कॉम्प्युटर आंदण दिलास तरी नको!" सगळे हसायचे. हे सगळं मी सोसलं असतं. पण तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी नाना चहा घेऊन आले आणि निलेशच्या खुर्चीमागं उभे राहिले. "आयला, लई भारी दिसतंय रं! धुरळासुद्धा खरा वाटतोय!" फुर्र. माझ्या पडद्यावर माझी गाडी वळणावर अडकत अडकत चाललेली, आणि माझ्या मागं कुणी नाही.

निलेश वाईट असता तर किती बरं झालं असतं. तो चांगला होता हीच अडचण होती. "मने, तू माझ्यावर खेळ की," म्हणायचा, आणि मी "नको, मला अभ्यास आहे," म्हणून पुस्तक उलटं धरायची. दोन्ही कॉम्प्युटर वायरीनं जोडून आम्ही शर्यत लावायचो, तेव्हा माझं चित्र अडखळायचं, त्याचं लोण्यासारखं सरकायचं, आणि तो मुद्दाम शेवटी गाडी हळू करायचा. ते तर मला हरण्यापेक्षा जास्त झोंबायचं. वर तो कॉलेजातून आला की थेट दुकानात, नानांच्या शेजारच्या स्टुलावर. माझ्या डोळ्यांदेखत नाना त्याच्या हातात वेटोळी देऊन सांगायचे, "हितनं घाल, तितनं काढ." मी उंबऱ्यावर.

बारावीला बरे मार्क पडले म्हणून नानांनी मला थोडे पैसे दिले, "ड्रेस घे काहीतरी." मी ठरवलं, कार्ड घ्यायचं. पूर्ण नवा कॉम्प्युटर काही त्यात येणार नव्हता. पण वर्ष-दीड वर्ष निभावून नेईल असं एखादं कार्ड माझ्या जुन्या डबड्यात बसलं, तर माझी गाडीपण सरकेल आणि नाना परत माझ्या खुर्चीमागं येतील. हिशेब इतका सरळ होता. निलेशनं आपणहून दोन दिवस माहिती काढली आणि मला समजावलं, "तुझा पॉवर सप्लाय लई बारका हाय मने. छोटं कार्ड घे, नवीन, एक पंख्याचं. त्याला वेगळी वायर लागत न्हाय. खेळ मध्यम सेटिंगवर चालंल, तात्पुरतं भागंल. पुढं सगळंच नवीन घेऊ." अगदी बरोबर सांगत होता. आज मी गिऱ्हाइकाला हेच सांगते. पण तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की मनीसाठी छोटं, मनीसाठी एक पंख्याचं, मनीचं तात्पुरतं भागवा.

जब्बारभाईंचं जुन्या-नव्या पार्टचं दुकान होतं. त्यांनी काचेवर दोन कार्डं ठेवली. एक नवं, खोक्यातलं, तळहाताएवढं. दुसरं वापरलेलं, कुठल्यातरी बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं, हातभर लांब, दोन पंख्यांचं. किंमत जवळपास सारखीच. मी मोठ्याला हात घातला. जब्बारभाईंनी चष्मा वर केला. "तेरे डब्बे कू ये नै झेपेंगा, बेटा. ये बहुत तप के आया हुआ माल है. छोटा ले, मेरी सुन." निलेश शेजारी उभा होता, तो म्हणाला, "मी पण तेच सांगतोय चाचा." बस्स. तो बोलला नसता तर कदाचित मी ऐकलंही असतं. मी म्हणाले, "हेच द्या." त्यांनी दोनदा विचारलं, परत घेणार नाही असंही सांगितलं. मग सुस्कारा टाकून जास्तीची वायर जोडायचा एक तुकडा फुकट दिला. रिक्षात मी ते कार्ड मांडीवर धरून बसले आणि निलेशकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर कळलं की कार्ड पेटीत मावतच नाही. नानांनी करवत आणली आणि आतली पत्र्याची पट्टी करकर कापून टाकली. मला वाटलं, चला, नाना माझ्या बाजूचे. तेवढ्यात त्यांनी मान वळवून विचारलं, "भाच्या, बराबर कापतुय न्हवं?" काय सांगू! पण कार्ड बसलं, चाललं, आणि पंधरा दिवस मी राणी होते. चित्र सरकत होतं, धुरळा खरा दिसत होता. दोन शर्यती मी स्वतःच्या हिमतीवर जिंकले. एका संध्याकाळी नाना माझ्यामागं येऊन उभे राहिले, आणि त्या फुर्रनं माझ्या मानेवर काटा आला. सोळाव्या की सतराव्या दिवशी पडद्यावर उभ्या रेघा आल्या. मग रंगीत चौकोन. मग काहीच नाही. निलेश "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानं म्हणाला नाही. त्याचाही मला राग आला.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. निलेश गावच्या जत्रेला नातेपुत्याला गेला होता. दुपारची वेळ, आई झोपलेली, नाना दुकानात. मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. त्याचं कार्ड काढलं आणि माझ्यात बसवलं. मला चोरायचं नव्हतं हो. मला फक्त बघायचं होतं, की त्याचं कार्ड माझ्याकडे असतं तर नाना कुणाच्या मागं उभे राहिले असते. त्याच्या कार्डाला दोन वायरी लागत, माझ्याकडे एकच. मग काय, वाइंडरची पोर मी. पेटीतलीच दुसऱ्या कामाची एक वायर सोलली, तिला जोडायच्या वायरीशी पीळ दिला, दुकानातली पिवळी टेप गुंडाळली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. शर्यत सुरूसुद्धा झाली. माझी गाडी पहिल्या वळणावर होती तेव्हा फट्ट झालं, खोलीत एक कडवट वास पसरला आणि सगळं काळं. मी तशीच बसून राहिले. मग त्याचं कार्ड त्याच्यात परत बसवलं, त्याच्या पेटीचं झाकण लावलं, उदबत्ती लावली. आई उठून म्हणाली, "आज कशाची गं भक्ती?"

निलेश परत आला. येताना शेंगांचं पोतं आणि माझ्यासाठी जत्रेतल्या बांगड्या घेऊन. कॉम्प्युटर चालू केला, दिवे लागले, पडदा काळाच. बिचारा तासभर खटपट करत होता. शेवटी नानांना हाक मारली. नाना आले, खाली बसले, त्याचं कार्ड बाहेर काढलं आणि नाकाला लावलं. मग त्याच्या पॉवर सप्लायला नाक लावलं. मग कुणी सांगितलं नसताना सरकत सरकत माझ्या कॉम्प्युटरपाशी आले आणि त्याच्या मागच्या जाळीला नाक लावलं. त्यांनी माझी पेटी उघडली. आत पिवळी टेप तशीच होती, ती काढायचं मला सुचलंच नव्हतं. नानांनी बोटानं ती टेप सोलली, पीळ बघितला, आणि पुन्हा जागच्या जागी गुंडाळून ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. निलेशला म्हणाले, "तुजं कार्ड गेलं रं भाच्या. वरनं जादा दाब आला असंल. लाईटचा काय भरवसा हाय हितं."

मग त्यांनी माझं मेलेलं, जब्बारभाईंकडचं कार्ड उचललं. त्यालाही नाक लावलं. "हे जळल्यालं न्हाय. वास न्हाय ह्याला. आत कुटंतरी सुटलंय नुसतं." निलेशनं कुठंतरी वाचलं होतं की अशी कार्डं लोक गरम भट्टीत ठेवून जिवंत करतात, आतला सोल्डरचा टाका वितळून पुन्हा धरतो. नानांचे डोळे चमकले. "मग आपल्याकडं हाय की भट्टी!" दोघं लहान पोरांसारखे कामाला लागले. पंखे काढले, प्लॅस्टिक काढलं, उरलेली हिरवी पट्टी चार बोल्टांवर उभी केली. नानांनी भट्टीचा काटा कधी नेत नव्हते तिथवर नेला. मी उंबऱ्यावर. माझं कार्ड, माझ्या बापाची भट्टी, आणि आत डोकावणारा निलेश. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि शपथेवर सांगते, त्यातही हेवा वाटतच होता. निवल्यावर ते कार्ड निलेशच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. पडदा उजळला! निलेशनं नानांना उचललंच. नाना त्याला म्हणाले, "जा, भजी घिऊन ये गरम. आज खाऊ सगळी." तो उड्या मारत गेला.

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. नाना भट्टी बंद करत होते, पाठ माझ्याकडे. मी म्हणाले, "नाना, मी..." ते म्हणाले, "कळलं मला." पलीकडे माग खटखटत होते. "भाच्याला सांगायचं का न्हाय ते तुजं तू बघ. मी सांगणार न्हाय. पर उद्यापासनं कॉलेजातनं आलीस की हितं बसायचं. खेळ बंद." मी रडायला लागले. त्यांनी वळून बघितलं. "रडतीस कशाला? कशाला किती झेपतंय ते बघितल्याबिगर तार जोडत न्हाईत, येवढं तर शिकशील." आणि भट्टीवरचा फडका उचलता उचलता, अगदी हळू, "पीळ मातर चांगला दिला हुतास."

भजी आली, सगळ्यांनी खाल्ली, मी पण खाल्ली. माझा कॉम्प्युटर नानांनी दुरुस्त केला नाही, मीही करून मागितला नाही. तात्पुरतं म्हणून घेतलेलं माझं कार्ड निलेशकडे त्याचा डिप्लोमा होईपर्यंत चाललं, मधे दोनदा भट्टीत घालावं लागलं तेवढंच. संध्याकाळी आत शर्यत चालायची आणि मी पुढं दुकानात वेटोळी भरत बसायची. पहिल्या आठवड्यात बोटं तारेनं कापली. आणि एका संध्याकाळी माझ्या स्टुलाच्या मागून आवाज आला, फुर्र. मी मागं वळले नाही. वळले असते तर ते गेले असते, असं मला तेव्हा वाटलं.

आज मी त्याच दुकानात बसते. केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि माझंही नाक आता बऱ्यापैकी सांगतं. नाना जाऊन काही वर्षं झाली. निलेशचं नातेपुत्याला पंपांचं मोठं दुकान आहे. दर खंडेनवमीला त्याचा फोन येतो, "भट्टीला हळदकुंकू लावलंस का मने?" त्याला मी कधीच सांगितलं नाही. आधी भीतीनं, हे खरं. पण पुढं कारण वेगळं होतं, आणि ते आता कबूल करते. नानांनी निलेशला माझ्या आधी स्टूल दिलं, कौतुक दिलं. पण ती पिवळी टेप, तो पीळ आणि ते "चांगला दिला हुतास" हे फक्त नानांचं आणि माझं होतं. त्यात निलेशला जागा नव्हती. मी केलेल्या सगळ्यात वाईट गोष्टीतून मला ते मिळालं होतं, आणि मी त्याला इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही.

हे लिहिलेलं छापायच्या आधी त्याला वाचायला पाठवायचं आहे. फोनमध्ये त्याचं नाव काढून ठेवलंय. तो रागावणार नाही, मला माहीत आहे. हसेल आणि म्हणेल, "येवढंच व्हय?" तरी बोट पुढं जात नाही. एकदा पाठवलं, की नानांचं ते वाक्य त्याचंही होणार.